तळाचा आवाज

३ मार्च, सोमवार

पुन्हा नऊ मिलिमीटर! सोमवारची सुट्टी, पंप बंद, नळ्यांना कुलूप. दिवसभरात एक थेंब विकलेला नाही. डिझेलच्या जमिनीखालच्या टाकीत सकाळी मापाची काठी सोडली, संध्याकाळी सोडली – नऊ मिलिमीटर कमी. गेल्या सोमवारी आठ होते. विश्वास बसेना म्हणून पाच वेळा मोजलं.

बाबांना सांगितलं. उडालं असेल, म्हणाले. डिझेल असं उडत नाही हे मला कोणी शिकवलं? त्यांनीच! शाळेत नाव घालायच्या आधी त्यांनी मला ऑइलच्या डब्यावर बसवून मिलिमीटर शिकवले. काठीला खडू फासायचा, पाइपातून खाली सोडायची, पितळी टोक तळाला लागल्याचा आवाज ऐकायचा, मग वर काढून ओली रेघ वाचायची. बाबा अशी सोडायचे की तो आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू यायचा. मला खात्री लागते. टण्ण वाजल्याशिवाय मी काठी वर काढत नाही.

तीच ओली रेघ आज त्यांना दाखवली. तर म्हणे, मास्तरीणबाई, जेवायला चला.

५ मार्च

पंपामागच्या नर्सरीवाल्या मावशी आल्या. हातात बादली, बादलीत त्यांच्या विहिरीचं पाणी. वर रंगीत तवंग. गुलाबाचे दोन वाफे जळालेत. त्यांनी बादली दादाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "घे रे, तुमचाच माल आहे. परत करायला आले."

दादाने हसून वेळ मारून नेली. म्हणे तुमच्याच इंजिनातून सांडलं असेल. पटावं असंच बोलतो तो – मावशींचं पाणी उपसायचं इंजिन डिझेलवर चालतं, आणि डिझेल आमच्याकडूनच जातं.

त्या गेल्यावर मी बादलीवर वाकले. वास घ्यायला वाकायची गरजच नव्हती.

६ मार्च

बादली टेबलावरच. कोणी हलवत नाही. दादा तिला वळसा घालून पावत्या फाडतो.

१० मार्च, सोमवार

अकरा. सकाळी तीनदा मोजलं, दुपारी दोनदा, संध्याकाळी तीनदा. अकराच.

जेवताना तोंड उघडलं. टाकी वर काढून बघू, एवढंच मी म्हणाले. दादा उसळला. टाकी काढायची म्हणजे महिनाभर पंप बंद. दुसरा पंप चाळीस किलोमीटरवर. तोवर लोकांनी काय गाड्या ढकलत न्यायच्या? बाबा मान खाली घालून जेवत होते. शेवटी म्हणाले, जमिनीतूनच आलंय, जमिनीतच जातंय.

मी म्हणाले, "मग विहिरीतून उपसून विका की!"

त्यांनी ताट बाजूला सारलं. "तुला मोजायला शिकवलं, तिथेच चुकलं माझं."

वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. राग आला – त्यांचा, दादाचा, गाडीची काच चार बोटं खाली करून "फुल" म्हणणाऱ्या त्या सगळ्यांचा. वास नको म्हणून काच लगेच वर! आणि माझाही. स्कूटरशिवाय माझं पान हलत नाही. हे पेनसुद्धा शेवटी तेलातूनच आलेलं.

१२ मार्च

तपासणी कार्यालयात अर्ज दिला. सोबत आकडे, तारखा, वेळा. खिडकीतल्या माणसाने विचारलं, पंप कोणाचा? वडिलांचा, मी म्हणाले. त्याने अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग शिक्का मारला. माझ्याकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

१७ मार्च

पंपाला सील लागलं. तपासनीसांनी आसपासच्या पाच विहिरींचं पाणी बाटल्यांत भरलं आणि पाचही विहिरींवर लाल फुली मारली. बाबांनी कागदावर सही केली. पेन माझ्याकडेच मागितलं.

माझा अर्ज त्याच कागदांत वर होता. माझं अक्षर ते लांबूनही ओळखतात – त्यांनीच गिरवून घेतलंय.

१९ मार्च

विहिरी बंद, म्हणून पिण्याचं पाणी टँकरने यायचं ठरलं. टँकर आज आला नाही. का? त्याला डिझेल मिळालं नाही!

दारापुढे पंधरावीस माणसं. पाववाला म्हणाला, घरात भांडण झालं तर घरात मिटवायचं, आमच्या पोटावर कशाला आणायचं. कोणीतरी मागून म्हणालं, शिकलेल्या मुली अशाच. मावशी येताना दिसल्या तेव्हा जीव भांड्यात पडला. एक तरी माणूस माझ्या बाजूचं! त्या तर सगळ्यांत जास्त चिडलेल्या. वरच्या ओढ्याचं पाणी अजून चांगलं आहे, पण ते ओढायचं इंजिन डिझेलवाचून थंड पडलंय. उरलेली रोपंही माना टाकताहेत.

"माझी विहीर बघ म्हटलं होतं मी. पंप बंद कर असं कोणी सांगितलं होतं तुला?"

आत येऊन कडी लावली.

२१ मार्च

दादा माझ्यासमोर दारं आपटतो. बाबा रोज सकाळी वेळेवर तयार होतात आणि बंद पंपावर जाऊन खुर्चीत बसतात. कुलूपबंद नळ्या फडक्याने पुसतात.

मला कीव करायची नाही. तीस वर्षांत टाकी एकदाही वर काढली नाही. गंजू दिली, सडू दिली, आणि मी विचारलं तर उडालं म्हणाले. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मन विरघळलं तरी वाचता येईल – पाच विहिरी नासल्या त्याला बाबा जबाबदार आहेत.

२४ मार्च

टाकी वर आली. पत्रा ठणठणीत, गंजाचा डागही नाही. भोक एकच – काठीच्या पाइपाच्या बरोबर खाली, करंगळी जाईल एवढं. मिस्त्रीने भिंतीवरची काठी काढली आणि तिचं पितळी टोक भोकात धरलं. चपखल बसलं. तो म्हणाला, "ही गळती नाही, ठोकून ठोकून पाडलेलं भोक आहे. काठी अलगद टेकवायची असते. आपटत कोण होतं?"

बाबा दिवसातून एकदाच मोजायचे. गेली सहा वर्षं मी मोजते.

तपासनीसांनी पेन उघडलं.

"मीच," बाबा म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. काही बोलले नाही.