अंगठ्याएवढी फट

आबा, काल तुमची ती झोपून चालवायची आडवी सायकल गोठ्याच्या आढ्यावरून खाली काढली. एकटीनंच काढली, म्हणून हँडल कपाळावर आपटलं. आई ओट्यावरून ओरडली, "मरू दे ते धूड! तवा बी त्या मानसानं एकट्यानंच टांगलं व्हतं." तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण आई तुमच्यावर अशी चिडते की वाटावं तुम्ही आत्ताच चपला घालून बाहेर पडलाय. सायकल काढायला कारण झालं माझी पाठ. शिरूरच्या दुकानात वाकून वाकून वेल्डिंग करताना माझाही मणका तुमच्या वळणावर गेला. डॉक्टर म्हणाले, साध्या सायकलवर बसायचं नाही. ऐकून आधी हसू आलं. मग तुम्ही आठवलात, आणि तुमच्यावरचा माझा जुना रागही आठवला.

तुम्ही पाटकरी होतात. कालव्याचं पाणी कुठल्या चारीला कधी सोडायचं, कुठलं दार किती उचलायचं, हे सगळं तुम्ही सायकलवरून बघायचात. गोठ्यावर पत्रे बसवताना खाली पडलात आणि ते संपलं. साध्या सायकलवर दहा मिनिटं बसलात की पाय बधिर व्हायचे. मग तुम्ही पाटाच्या कडेनं चालत जायला लागलात. संध्याकाळी घरी आलात की बसायचा नाहीत, भिंतीला पाठ टेकून उभे राहायचात. आई चहाचा कप तिथंच आणून द्यायची. त्या वर्षी मी पाबळला शिकत होते, वेल्डिंग, सुतारकाम, मोटारचं वायंडिंग, पडेल ते. तिथं एका जुन्या मासिकात झोपून चालवायच्या सायकलचं चित्र दिसलं. पेडल पुढं, पाय समोर, पाठीला टेकायला जागा. चित्र सरांना दाखवलं. ते म्हणाले, "कर की. पण आधी पाठ मोज, मग पाइप काप."

म्हणून सुट्टीत घरी आले आणि तुम्हाला स्वयंपाकघरातल्या फरशीवर निजवलं. दुसरीकडं कुठं सपाट जमीनच नव्हती. तुम्ही पाय थोडे उचलून पडलाय, मी गुडघ्यांवर बसून खडूनं तुमच्याभोवती रेघ ओढतेय, आणि आई हातातलं पीठ तसंच घेऊन ओरडतेय, "अगं, मेल्यावानी काय निजवलंय त्यांना!" तुम्ही डोळे मिटून अगदी गप्प पडलात, आईला आणखी घाबरवायला. मला हसू आवरेना, रेघ वाकडी गेली. ती वाकडी रेघ पुसायला मी दोन दिवस लावले होते, आबा. आता वाटतं पुसायलाच नको होती.

जुन्या पलंगाची नवार त्या सायकलच्या सीटला विणली, म्हणून गावानं तिचं नाव पलंगच ठेवलं. तुम्ही रस्त्यावर आलात की पोरं ओरडायची, "पाटकऱ्याचा पलंग निघाला!" तुम्ही हात वर करून म्हणायचात, "आमच्या बापजाद्यांनी मेंढरांमागं चालून चालून पाय झिजवलं. मी त्यांच्या वाटचं झोपून घेतुया." लोक हसायचे आणि तुम्हीही हसायचात. डांबरी रस्त्यावर पलंग सुरेख पळायचा. पाटाच्या वाटेवर मात्र त्याची बारीक चाकं बैलगाडीच्या चाकोरीत रुतायची. एक दिवस तुम्ही म्हणालात, "चाकं जरा रुंद बसत्यात का बघ की. तेवढं झालं तर माझी नोकरी बिनघोर पार पडंल." मी तोवर दौंडला एका वर्कशॉपमध्ये कामाला लागले होते. सगळ्या पुरुषांत मी एकटी बाई.

त्याच सुमाराला शिरूरचे मामा माझ्यासाठी स्थळ घेऊन आले होते. मुलगा चांगला होता, पण त्या लोकांची एक अट होती, वर्कशॉप बंद. मामांचं म्हणणं, "पोरीच्या जातीनं लोखंड बडवत बसायचं म्हंजी काय?" तुम्ही त्यांच्याशी भांडला नाहीत. एवढंच म्हणालात, "दसऱ्याला या. तिनं रुंद चाकं बसिवल्यात. पाटावरनं कशी चालत्यात ती बघा, मंग बोलू." म्हणजे माझं सगळं त्या दोन चाकांवर ठेवून तुम्ही मोकळे झालात.

चाकं मी मन लावून बसवली होती. तेव्हा नव्यानं आलेल्या गिअरच्या सायकलींची जाड, दातेरी टायर. त्यांची रिम लहान, जुन्या ब्रेकचे रबर तिथवर पोचेनात, म्हणून पट्टीचे तुकडे जोडून ब्रेक खाली आणले. साखळी टायरला घासत होती, तिची पुली बोटभर बाजूला सरकवली. मागच्या चाकाला पत्र्याचं नवीन मडगार्ड केलं, तुमच्या पाठीवर पाणी उडू नये म्हणून. सर पाबळला नेहमी सांगायचे की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अंगठा फिरला पाहिजे, आपली माती काळी आहे, तिला जागा लागते. आपल्याकडं पावसाळ्यात लोक मडगार्ड काढूनच ठेवतात, हे काय मला माहीत नव्हतं? तेवढंच नेमकं कसं विसरले कोण जाणे. मी पेन्सिल जाईल एवढीच फट ठेवली. दिसायला मात्र दुकानातल्या सायकलसारखं झालं होतं. तुम्ही चाकाभोवती दोनदा फिरलात, टायरवर हात फिरवलात आणि म्हणालात, "आता हिला पलंग कोन म्हनंल?" मग ती साहेबांना दाखवायला कालव्याच्या ऑफिसपर्यंत नेलीत.

दसऱ्याच्या आधी मी दोन दिवस मामांकडं शिरूरला गेले. परत आले तर सायकल गोठ्यात आढ्याला टांगलेली, धुऊन पुसून, वर ताडपत्री बांधलेली. विचारलं तर म्हणालात, "मान अवघडती झोपून." मी म्हणाले, सीटचा कोन बदलून देते. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे." मी म्हणाले, उशी लावते. "ऱ्हाऊ दे म्हन्लं ना." मग माझं डोकं फिरलं. मी ओसरीवर उभी राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मान नाही दुखत तुमची. लोक पलंग म्हणतात त्याची लाज वाटते, असं सरळ सांगा ना." तुम्ही मग म्हणालात, "व्हय. तसंच समज."

मी तसंच समजले. दसऱ्याला मामा आले, त्यांनी सायकलचं विचारलं. तुम्ही म्हणालात, "चाकं एक नंबर हायती. पोरीच्या कामात खोट न्हाई. मलाच लोकं हसत्यात, म्हून टांगली." मामा हसले. तुम्ही म्हणालात, "तिला लोखंडच बडवू द्या. आमच्यात कुनाला तरी नीट जमतंय." स्थळ परत गेलं, मी वर्कशॉपमध्ये राहिले, पुढं शिरूरला माझं स्वतःचं दुकान झालं. आणि तुम्ही पुन्हा पाटाच्या कडेनं चालायला लागलात. पाच वर्षं चाललात, शेवटचं वर्ष काठी घेऊन, आणि मुदतीआधीच नोकरी सोडलीत. तेव्हा मला तुमची कीव आली होती, आबा. लोकांच्या हसण्याला भिऊन हा माणूस पाठीचं वाटोळं करून घेतोय, असं मी आईला म्हणाले होते. तुम्ही गेल्यावर तुमच्या आठवणी सांगतानाही मी हेच सांगत आले. आमचे आबा भित्रे होते, असं म्हणून वर हसतही आले.

काल टायर बदलायला मागचं चाक काढायला गेले तर ते हलेना. मडगार्डचे बोल्ट गंजलेले, छिन्नी लावून तोडले. मडगार्ड निघालं तसं आतून मातीचं ढेकूळ पडलं. मडगार्डच्या आकाराचं, वाकडं, एका बाजूला टायरच्या दात्यांचे ठसे जसेच्या तसे, आणि दगडासारखं कडक. तुम्ही सायकल बाहेरून स्वच्छ धुतली होती, पण आत पाणी जायलाही जागा नव्हती. ढेकूळ फुटलं आणि आत काही तरी चमकलं. चमचा होता. डब्यातला. मधोमध दुमडलेला, दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आईचं नाव, लग्नात भांड्यांवर घालून देतात तसं.

चमचा मुठीत धरला आणि आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, आबांनी सायकल टांगली त्या दिवशी काय झालं होतं? आई म्हणाली, "काय व्हनार? पाऊस लागला व्हता. सांजच्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सायकल घालून आला, कंबरंपतूर चिखलानं माखल्याला. म्हनला पाटाच्या कडंला घसरलो. डब्यातला चमचा बी पाटात गेला म्हनला. माझ्या माह्यारचा चमचा!" आणि मग नेहमीप्रमाणं, "भांडं सांभाळायची अक्कल न्हवती त्या मानसाला."

आता मला तुम्ही दिसता. पाऊस पडतोय, दोन्ही बाजूंना ऊस, चाक चिखलानं गच्च झालंय, पुढं जात नाही आणि मागं येत नाही. सायकल इतकी खुजी की बांधावरून कुणाला दिसायची नाही. त्या सीटवरून धड पाठीच्या माणसालासुद्धा हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, तुम्ही कसे उठलात मला माहीत नाही. मग चिखलात गुडघे टेकून, लहानपणी मेंढरांच्या खुरातली माती काढायचात तशी, चमच्यानं त्या पेन्सिलीएवढ्या फटीतली माती उकरताय. थोडी निघते, चाक थोडं फिरतं, पुन्हा भरते. चमचा आत अडकतो, दुमडतो. किती वेळ असं केलंत? ट्रॅक्टर येईपर्यंत तुम्ही काय विचार करत होतात, मला कळतंय, आणि तेच सोसत नाही. दसरा चार दिवसांवर होता. मामा येणार होते.

एवढं सांगायला काय झालं होतं हो? मला बाजूला घेऊन एका वाक्यात सांगितलं असतंत तर मी मडगार्ड कापून टाकलं असतं, अर्ध्या तासाचं काम. पण मी तुम्हाला बोलू कुठं दिलं? आल्या आल्या उशी, कोन, आणि मग ओसरीवर उभी राहून ती लाजेची गोष्ट. आणि मला कळलं असतं तर मी मामांसमोर गप्प बसले नसते, हेही तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुमच्याइतकं मला कुणी ओळखलं नाही. मी मात्र तुम्हाला मुळीच ओळखलं नाही, आबा, आणि आता कुणाची माफी मागू?

आज दिवसभर त्या सायकलपाशी बसले. चाक पुसलं, नवी टायर चढवली, तेवढीच रुंद. मडगार्ड वर उचलून पुन्हा बसवलं. आता अंगठा आरामात फिरतो. उद्या पाटापर्यंत नेऊन बघेन, पाठ साथ देईल तिथवर. चमचा धुऊन माझ्या पर्समध्ये ठेवलाय. आईला दाखवलेला नाही. तो पाटात पडला असं तुम्ही सांगितलंत, तर तो पाटातच असू दे, तिला चिडायला काही तरी हवंच. हे पत्रही चमच्याबरोबर तिथंच राहील, ते पाठवायला पत्ता मी कुठून आणू?

फक्त एक राहिलं. वर मी लिहिलंय की अंगठ्याचं नेमकं कसं विसरले कोण जाणे. ते खोडणार होते, पण राहू दे, हे आधीच कळलं असतं तर इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले असते. विसरले नव्हते मी. मडगार्ड बसवल्यावर मी अंगठा घालून बघितला होता, आबा. तो गेला नव्हता. मग मी पेन्सिल घेतली.