लाल चिंधी सोडण्याचा अधिकार

मी, यामिनी श्रीनाथ टिपणीस, वय वर्षे एकाहत्तर, राहणार कामतघर, भिवंडी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. धाक आहे, पण तो माणसाचा नाही. त्याबद्दल खाली येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास व मला आठवत नसल्यास ते रद्द समजावे.

डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी वार, तारीख आणि गावाचे नाव विचारले. तिन्ही मी बरोबर सांगितली. त्यांच्या पाठीमागे कॅलेंडर टांगलेले होते, हेही नमूद करते.

१. कामतघरचे तळमजल्यावरचे राहते घर आणि पुढची पत्र्याची शेड माझे पती श्रीनाथ वारल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहेत. ती दोन्ही मुलगा वरद याला मिळावीत. शेडच्या फरशीवरचे तेलाचे डाग घासू नयेत. प्रत्येक डाग कधीचा ते मला ठाऊक होते.

२. बँकेतील ठेव वरद आणि नात आसावरी यांना निम्मी निम्मी. दागिने सूनबाई सुकन्याला. पाटल्या तिला सैल होतील, पण मोडू नयेत.

३. माझे धाकटे दीर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, यांना दुरुस्तीसाठी गाडीखाली झोपताना मी घालते तो जुना गाऊन द्यावा. त्यांच्या वास्तुशांतीच्या पंगतीत त्यांनी सगळ्यांदेखत विचारले होते, ‘वहिनी, आज गाडीखालून बाहेर कशा काय आलात?’ सगळे हसले. श्रीनाथही हसले, पण त्यांना मी त्याच दिवशी माफ केले. भाऊंना नाही. गाऊन धुऊन देऊ नये.

४. पान्यांची पेटी आणि जॅक आसावरीला. मात्र पाना हातात घेण्याआधी तिने पुढची कलमे वाचावीत.

ही पेटी घरात आली त्याला शोरूम कारण आहे. आमची पांढरी गाडी नवी होती तेव्हा श्रीनाथ ती सर्व्हिसिंगला शोरूमलाच टाकत. एका दसऱ्याला गाडीची पूजा करताना मी बॉनेट उघडले, एअर फिल्टरचे झाकण काढले आणि आतल्या फिल्टरलाही कुंकवाचे बोट लावले. भिवंडीची सगळी धूळ तोच खातो, म्हणून. दिवाळीआधी गाडी शोरूमला जाऊन आली. बिलात नवा फिल्टर होता. झाकण काढून पाहिले तर कुंकू जागच्या जागी. मी तोच फिल्टर घेऊन शोरूममध्ये गेले. तिथला टायवाला म्हणाला, ‘मॅडम, हे टेक्निकल असतं. सरांना पाठवा ना, मी त्यांना नीट समजावतो.’ त्या दिवसापासून गाडी शोरूमला गेली नाही. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेकचे पॅड, सगळे मी शिकले. श्रीनाथ शेजारी बसून बॅटरी धरत आणि उजेड हटकून भलतीकडेच पाडत. ते माझे चांगले दिवस होते.

५. धामणकर नाक्याजवळच्या लूमच्या कारखान्यात मी जन्मभर कारकून होते. तिथे लूम दुरुस्त करणारा जॉबर नवशा, पडघ्याकडच्या खेड्यातला. लूम उघडला की तो हँडलला लाल चिंधी बांधी, म्हणजे कोणी चालू करू नये. एकदा शेठने घाईघाईने ती सोडायला हात घातला, तेव्हा नवशाने सरळ शेठचे मनगट धरले. ‘चिंधी ज्यानी बांधली त्यानीच सोडाची, शेठ. तुमी मालक हाय, पन आत हात माजा हाय.’ शेठ मागे झाला.

ती रीत मी घरी आणली. काम उघडे असेपर्यंत स्टीअरिंगला लाल चिंधी. शेवटचा नट आवळला की मीच सोडायची. तिला घरात दुसऱ्या कोणी कधी हात लावला नाही. चिंधी नसली की गाडी तयार. वरद विचारतही नसे, चावी घेऊन निघे. माझ्यावर एवढा भरवसा दुसऱ्या कोणी टाकलेला नाही.

६. यंदा दिवाळीत मी पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलले. भाऊबीजेला वरद, सुकन्या आणि आसावरी नाशिकला सुकन्याच्या माहेरी निघाले. ते गेल्यावर मी गाऊन धुवायला टाकायचा म्हणून खिसा चाचपला, तर चिंधी हाताला लागली. ती मीच सोडली असणार. पण डावे चाक जॅकवरून उतरवल्यावर त्याचे नट पान्याने आवळले का, हे काही केल्या आठवेना. उजव्याचे आठवत होते, कारण तेव्हा अंगठा चेमटला होता. डाव्याच्या जागी नुसते कोरे.

वरदने फोन उचलला नाही. सुकन्याने उचलला.

‘गाडी थांबवायला सांग. आत्ता.’

‘अहो आई, मागे कंटेनर लागलेत. पडघा येतंय, तिथे थांबतो ना.’

‘पडघा नको. ब्रेक दाबून धरू नको म्हणावं त्याला, हळूहळू कडेला घे. सुकन्या, डावं चाक बघ.’

फोन चालू होता. मी शेडमध्ये उभी होते आणि मला हायवेवरचे हॉर्न ऐकू येत होते. मग सुकन्याचा आवाज आला, ‘आई, नट माझ्या बोटांनी फिरतोय.’

वरदने नट आवळले आणि गाडी माघारी आणली. जेवताना म्हणाला, ‘आई, आता तू गाडीला हात लावू नकोस. मी शोरूमला टाकतो.’

‘ते फिल्टर बदलत नाहीत.’

‘नाही बदलला तर नाही बदलला. फिल्टरनं कोणी मरत नाही, आई.’



मरणाची भीती नाही असे अशा कागदात लिहितात. मला आहे, पण थोडी. मोठी भीती दुसरी आहे. माझ्या हातून माझी माणसे जातील आणि मला ते आठवणारही नाही, या भीतीने मी दचकून उठते. गॅस बंद केला की पुन्हा बघायला जाते, परत येते, पुन्हा जाते. शोरूमवाला खोटे बोलला ते मी कुंकवाने पकडले. माझा हात खोटे बोलला तर मी कशाने पकडू?

७. म्हणून गाडी सुकन्याला. वरदला नाही, कारण तो माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. सुकन्या नटाला बोट लावून बघते. गाडीचे काम यापुढे शोरूममध्येच व्हावे. तेच शोरूम जवळ पडत असेल तर तिथेही चालेल. हे लिहिताना मला किती जड गेले ते माझे मला माहीत. मात्र दर वेळी गाडी देण्याआधी फिल्टरला कुंकू लावावे आणि आल्यावर झाकण उघडून बघावे. टायवाला काही म्हणाला तर सरांना पाठवू नये.

८. हे सगळे आजच लिहायला बसले त्याचे कारण असे. दिवाळीनंतर मी पेटीला हात लावलेला नाही असे माझे म्हणणे आहे. आज सकाळी शेडमध्ये गेले, तर स्टीअरिंगला लाल चिंधी बांधलेली. गाठ माझीच आहे, मी ती ओळखते. बॉनेट बंद आहे, चारही चाके जमिनीवर आहेत, पाने पेटीत आहेत. मी काय उघडले आणि काय अर्धवट ठेवले, मला माहीत नाही. तपासायला हात पुढे केला आणि मागे घेतला. चावी सुकन्याच्या हातात दिली आणि तिला तसेच सांगितले. तिने माझा हात धरून ठेवला, बराच वेळ.

ज्याने बांधली त्यानेच सोडायची, हा नियम आहे. बांधणारी मीच, पण तिला काही विचारायची सोय राहिलेली नाही. म्हणून चिंधी सोडण्याचा माझा अधिकार मी सुकन्याला देत आहे, आणि तो माझ्या मरणानंतर नव्हे, आजपासून. गाडी टोचन लावून शोरूमला न्यावी. सुकन्याने तिथे उभे राहून नट अन् नट तपासून घ्यावा. मगच तिने ती सोडावी.

सोडलेली चिंधी टाकू नये. ज्या दिवशी मी सुकन्याला ‘बाई, तुम्ही कोण?’ असे विचारीन, त्या दिवशी ती माझ्या मनगटाला बांधावी. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल की काम उघडे आहे. माझ्याशी घाई करू नये, मला रागावू नये, आणि मला हाताला धरून आसावरीजवळ न्यावे. ही गाठ मात्र मी सोडायला लागले तरी मला सोडू देऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुकन्याने करावी. साक्षीदारांना यातून काही देता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून भावेश आणि रंजिता यांना चहा पाजला आहे.

स्थळ : कामतघर, भिवंडी
दिनांक : २२ नोव्हेंबर २०२५, शनिवार (कॅलेंडरकडे पाठ करून लिहिला)

सही : यामिनी श्रीनाथ टिपणीस

साक्षीदार :

१. भावेश पाटील, औषधविक्रेता, धामणकर नाका. (सही)
काकूंनी हा कागद आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. तारीख आणि वार बरोबर आहेत.

२. रंजिता भावेश पाटील. (सही)
सही झाल्यावर काकूंनी आम्हाला शेडमध्ये नेऊन चिंधी दाखवली. आम्ही हात लावला नाही. परत येऊन बसल्यावर त्यांनी आम्हाला पुन्हा शेडमध्ये नेले आणि चिंधी दाखवली. तेव्हाही आम्ही पहिल्यांदाच बघतोय अशी बघितली.