सात आठवड्यांचे केस

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६
आजपासून डोकं भादरायचं नाही. सोळा वर्षं दर दहा दिवसांनी चंपतरावांच्या खुर्चीत बसून चकोट करून घेत आलो. आता बंद.

२१ डिसेंबरला आदिलाबादला जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांचं प्रदर्शन आहे. विषय, 'मी कोण?' प्रत्येकानं स्वतःचं पोर्ट्रेट लावायचं आणि शेजारी उभं राहून पाच मिनिटं आपली गोष्ट सांगायची. इतरांच्या गोष्टी काय असणार? माझी गोष्ट म्हणजे बॉम्ब आहे. वडील बाबाराव, याच जिल्ह्यातले बौद्ध, महसूल खात्यात कारकून. आई जुलेखा, हैदराबादच्या सिद्दी वस्तीतली. तिचे पूर्वज आफ्रिकेतून निजामाच्या घोडदळात आलेले. रंग मी बाबांचा घेतला, केस आईचे. बारीक, गच्च, स्प्रिंगसारखे. मी शिकवतो त्या मावला गावात हे सुनयनाशिवाय कोणालाही माहीत नाही. बायको असल्यामुळे तिचा नाइलाज आहे.

२१ तारखेला सगळ्यांना कळेल. मी मुळात धाडसी माणूस आहे.

४ नोव्हेंबर
केस अजून दिसत नाहीत, हाताला लागतात. फळ्यावर चित्र काढताना मानेवर काहीतरी चालल्यासारखं वाटलं. मुलं बघत होती. फळ्याकडेच बघत असतील. तरी उद्यापासून वर्गाकडे पाठ करायची नाही. चित्रकला शिकवताना ते जरा अवघड जातं.

९ नोव्हेंबर, रविवार
ट्रंकेतून माकडटोपी काढून घातली. सुनयना म्हणाली, घरात पंखा चालून राह्यला अन् तुमी टोपी काऊन घातली. म्हणालो, आदिलाबादची थंडी सांगून येत नाही. टोपी फक्त १५ तारखेपर्यंत.

१६ नोव्हेंबर
टोपीची मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली. ही माघार नाही, प्लॅनिंग आहे.

बाजारात चंपतरावांनी दुकानातून हाक मारली. सर, दोन खेपा चुकल्या, तब्येत बरी नाई का. मी मोबाईल कानाला लावला आणि बोलत बोलत पुढे गेलो. मोबाईल बंद होता. 

२३ नोव्हेंबर
गोष्ट लिहायला घेतली. तीन वाक्यं झाली. माझं बालपण बेज्जूरला गेलं. आई तिथल्या दवाखान्यात नर्स होती. चौथीत असताना...

चौथीत असताना मागच्या बाकावरच्या पोरांनी माझ्या केसांत पेन्सिली खोचल्या. अकरा. एकही खाली पडली नाही. सगळा वर्ग मोठ्यानं मोजत होता. गुरुजीही हसले. मला शू झाली होती. घरी आईला सांगितलं, पाण्यात खेळलो.

लिखाण थांबवून ब्रश धुतले.  हा प्रसंग गाळायचा. लोकांना आनंदी गोष्टी आवडतात.

३० नोव्हेंबर, रविवार
आतून कडी लावून, टोपी काढून आरशासमोर बसलो. पहिला तास बॅकग्राउंड रंगवली. दुसरा तासही. मग मात्र आरशात बघावंच लागलं. केस अर्धा इंच वाढलेत आणि प्रत्येकाची वेगळी गुंडाळी झालीये. झिरो नंबरचा ब्रश घेतला. बर्न्ट सिएना या तपकिरी रंगात काळा मिसळला, एकेक केस काढत गेलो. दारावर थाप पडली तेव्हा कळलं की जेवायची वेळ टळून गेली. तीन तास अजिबात भीती वाटली नाही. नोंद करून ठेवतो.

टोपीची मुदत १० डिसेंबरपर्यंत.

७ डिसेंबर
पोर्ट्रेट पूर्ण. स्वतःचं म्हणून सांगत नाही, पण चांगलं झालंय. सुनयना बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, आई दिसून राह्यल्या तुमच्यात. मी लगेच चित्रावर चादर टाकली. रंग ओला होता. चादर गेली, कानाजवळ थोडं दुरुस्त करावं लागलं.

९ डिसेंबर
हेडमास्तर भगवानराव सर चित्र फ्रेमला घेऊन गेले. आता ते माझ्या हातात नाही. बघून म्हणाले, मस्त काढलं हर्षदीप सर. एवढंच? खरं काय म्हणायचं होतं ते दडवलं असणार. दिवसभर त्यांच्या ऑफिससमोरून जायचं टाळलं. पाण्याचा माठ तिथेच आहे. तहानेला काय, सवय होते.

१४ डिसेंबर
सुनयना म्हणते, आईला बोलवा. बाबा गेल्यापासून आई हैदराबादला मावशीकडे असते. मी म्हणालो, तिचे गुडघे, ही थंडी, सात तासांचा बसचा प्रवास. आधी कार्यक्रम गाजू दे, मग स्वतः जाऊन सांगेन. यात तिचंच भलं आहे. सुनयना उठून भांडी घासायला गेली. पटलेलं दिसतंय.

१८ डिसेंबर
रंगीत तालीम. शाळेमागे कोणी नसताना चार मिनिटं टोपीशिवाय उभा राहिलो. एक बकरी बघत होती. काही झालं नाही. मग घंटा झाली आणि वर्ग सुटले. मुलांचा आवाज ऐकून टोपी उलटी घातली गेली. नाकाला भोक सापडेना.

एकंदरीत तालीम समाधानकारक.

२० डिसेंबर, शनिवार. सकाळी ११
फक्त कडेनं जरा साफ करून घ्यायला चंपतरावांकडे गेलो. टोपी काढली आणि खुर्चीत बसलो. समोरच्या आरशात मी, मागच्या आरशात मी, दारातून रस्ता. म्हणालो, सगळे काढा. चंपतरावांनी तीनदा विचारलं. सर, काऊन काढता, इतके चांगले आले. म्हणालो, काढा.

शांतपणे विचार केला तर योग्यच झालं. ओळख काय केसांत असते? केस चित्रात आहेतच. उलट कॉन्ट्रास्ट दिसेल.

दुपारी ३
आई आली. सुनयनानं परस्पर फोन केला होता. आईनं आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, बेटा, सुनयना तं म्हने केस वाढवले. म्हणालो, कोंडा झाला होता. खोबरेल लाव, म्हणाली. उद्यासाठी नवी पोपटी साडी आणलीये. मावशीला दाखवायला कार्यक्रमाचा व्हिडिओ काढणार आहे. मावशीकडून मोबाईल शिकून आलीये.

उद्या सगळं सांगायचंच. आई समोर असेल, उलट बळ येईल.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ७
माझा नंबर सातवा होता. स्टँडवर पोर्ट्रेट, शेजारी मी. हॉल भरलेला. मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. कशावर हसलं माहीत नाही. सूत्रसंचालक चित्राकडे बघत, मग माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, सर, हे तुमीच ना?

 मग माझाच आवाज ऐकू आला. नाही, हा मॉडेल आहे. हैदराबादचा एक ओळखीचा माणूस.

आई दुसऱ्या रांगेत मोबाईल धरून बसली होती. तिनं तो मांडीवर ठेवला. पुढची साडेचार मिनिटं मी ब्रशच्या नंबरांवर बोललो. टाळ्या पडल्या.

खाली उतरलो तर भगवानराव सर आईपुढे हात जोडून उभे. जुलेखा सिस्टर, वळखलं का, माहा थोरला पोरगा बेज्जूरले तुमच्याच हातानं झाला. मग चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, केस कसे हुबेहूब तुमचे उतरले पाहा. चंपतराव सहकुटुंब आले होते. ते म्हणाले, सोळा वर्षं डोकं माझ्या हाताखाली आहे, मले नाई समजणार? मी जुलेखा सिस्टरचा मुलगा, हे भगवानरावांनी तर साऱ्या स्टाफला कधीच सांगून ठेवलं होतं. सरांना उकाडा सोसत नसेल म्हणून डोकं भादरतात, अशी सगळ्यांची समजूत.

घरी येताना ऑटोत आई म्हणाली, गावाले तं सारं ठाऊक होतं. तुले माही लाज वाटते, एवढं मलेच ठाऊक नवतं.

मी ऑटोवाल्याला वळणं सांगत राहिलो. बोलायला हवं होतं.

२२ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ५
आई सकाळी सातच्या बसनं गेली. चित्र मागून घेतलं. खिडकीशी ते ठेवलं आणि स्वतः शेजारी बसली. कंडक्टरनं तेलुगूत विचारलं, कोण हा. आईनं तेलुगूत सांगितलं, माझा मुलगा. मी खाली खिडकीजवळच उभा होतो. कंडक्टरनं माझ्याकडे बघितलंही नाही.

बस दोनला पोचते. दर वेळी पोचली की तिचा फोन येतो. आज आला नाही. तीनदा नंबर काढला, पण मला लावायची भीती वाटते.