पंचमीला मूळ धाड

मलकापूर,
१२ जुलै २०२५

प्रिय दादास,

पाया पडते. आईचा गुडघा कसा हाय? वहिनीला सांग, शेंगदाण्याची चटणी आल्या दिवशीच संपली, व्यसनमुक्ती केंद्रातली सगळी बोटं चाटत बसली. फोन हितं रविवारीच मिळतो, आन् फोनवर तू "बरं हाय न्हवं?" म्हणून ठेवतोस. म्हणून हे पत्र.

नुसतं बरं न्हाई दादा, लय बरं हाय! मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी माझी औषधं सुरू केली. अंगानं बाई व्हायची औषधं. लिहिलं बघ एकदाचं. चष्मा पूस आन् परत वाच.

केंद्रात यायच्या आधी एका डॉक्टरनं मला दारातूनच वाटेला लावलेलं. "आधी नशा सोड, मग हे खूळ आपोआप जाईल." सोडली की नशा. झोपेच्या गोळ्या सुटल्या, हाताची थरथर गेली, हितल्या सगळ्यांच्या भाकरी आता मीच थापते. खूळ मात्र जागचं हललं न्हाई. मिरजेच्या बाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "मग ते खूळ नव्हतंच."

त्यांनी रक्त तपासलं, लिव्हर तपासलं, केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलल्या. अट एकच. गोळ्या माझ्याजवळ ठेवायच्या न्हाईत, रोजची गोळी दुसऱ्यानं हातावर द्यायची. मी गोळ्यांपायीच वाया गेलेली, तवा अट बरोबरच हाय.

आता गंमत ऐक. हंबीरराव काका आठवतात का, गेटवर झडती घेणारे रिटायर सुभेदार? मला सोडाय आलास तवा तुझेबी खिसे उलटे केलेले त्यांनी! मी मिरजेहून एसटीनं आले ती नाचतच, तर काकांनी पिशवीतलं पाकीट धरलं. "गोळ्या? परत? लाज वाटती का रं?" मला हसू आवरंना, त्यामुळं त्यांची खात्रीच पटली. डोळ्यात बॅटरी मारली, तोंडाचा वास घेतला, शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई तिकडनं बोलत होत्या आन् काकांचा चेहरा बघण्यासारखा झालेला. फोन ठेवून त्यांनी गोळ्या कपाटात घातल्या, कुलूप लावलं. "उद्यापास्नं सकाळी माझ्यासमोर. उशीर चालणार न्हाई."

सकाळी सगळी चहाला बसलेली. काकांनी परेडच्या आवाजात हाक मारली, "संयोगिता! चल बाई, गोळी घे!" हे नाव मी फक्त डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं, त्यांनीच फोनवर काकांना सांगितलं असणार. माझा चहा सांडला दादा. कुणी हसलं न्हाई, काकांसमोर कुणाची टाप हाय! मी मात्र रडतबी होते आन् हसतबी होते.

आता खरं बोलायचं ते बोलते. गेल्या दिवाळीत शेडात तुला सांगितलं, मला बाई म्हणून जगायचंय. तू ट्रॅक्टर चालू केलास आन् गेलास, मग त्याच आठवड्यात मला हितं आणून सोडलंस. तुला वाटलं असेल, ह्या गोळ्याच बोलतायत. वाटणारच, मी होतेच तशी. पण आज भाकरी थापून, अंघोळ करून, उन्हात बसून लिहितेय. पुरती शुद्धीवर हाय, आन् तेच म्हणतेय.

पंचमी तोंडावर आली. भावकीतल्या पोरींना सासरहून आणाय त्यांचे भाऊ जातील. मलाबी मूळ धाड. दुसरं कुणी नको, तू ये. फेर धरणार न्हाई, झोक्यावर बसणार न्हाई. (खोटं बोलतेय. झोक्यावर बसणार.) दोन दिवस माझी गोळी तू हातावर द्यायचीस. काकांनी परवानगी दिलीय, फक्त तुझी परत झडती घेणार म्हणतात. गावात लोक बघतील, बोलतील, त्याचं भ्या मलाबी हाय. पण तुझ्या गाडीवर मागं बसून आले, तर कमी वाटंल.

न्हाई आलास तर राग धरणार न्हाई, असं लिहाय बसले होते. ते खोटं होईल. राग येईल, लय येईल, सासरी वाट बघून थकलेल्या पोरीला येतो तसा. म्हणून ये.

पंचमीच्या आदल्या दिवशी गेटवर उभी असेन.

तुझी धाकटी बहीण,
संयोगिता