पदरावरचा नंबर

दादा,

तुझा फोन कामावर बंद असतो, म्हणून लिहून ठेवतेय. आई हरवलीय. शेजारच्या काकूंचा आत्ताच मेळ्यातून फोन आला. नदीत दोघींचं स्नान झालं, काकूंनी आईला कोरडं पातळ नेसवलं, ओलं पिळायला वळल्या आणि तेवढ्यात गर्दीचा लोंढा आला. मागे बघतात तर आई नाही.

मी मिळेल त्या गाडीने निघतेय. घरचा फोन सोडून हलू नकोस, अंघोळसुद्धा राहू दे. तिथे भोंग्यावरून हरवलेल्यांना पुकारतात. स्वतःचं नाव विचारलं तर ती हल्ली गोंधळते, म्हणून मी ‘बंड्याची आई’ असंच पुकारायला सांगणार आहे. तुला ते लहानपणचं नाव आवडत नसेल तरी.

तू म्हणाला होतास, तिला काकूंच्या भरवशावर सोडू नकोस. ते सगळं मी आल्यावर ऐकव, आता फोन करून ओरडू नकोस.

आपला नंबर मी लाल दोऱ्याने तिच्या पदरावर शिवला होता ना, ते पातळ काकूंच्या पिशवीत आहे, ओलं. तिच्या अंगावर दुसरं आहे, हिरवं. आई म्हणाली होती, “त्याच्यावरही घाल गं, नदीवर बदलावं लागतं.” मशीनवर गिऱ्हाइकाचं ब्लाऊज होतं. मी म्हटलं, एकावर पुरे.