तीन माउथ ऑर्गन आणि रस्त्याकडची खोली

मी, श्रीमती सुचित्रा सुनील कोंडावार, वय एकोणसत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त ऑपरेटर, राहणार वणी, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. फुफ्फुसे नाहीत, पण कायदा फुफ्फुसांबद्दल काही विचारत नाही.

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली आणि दोन्ही फाडली. हे शेवटचे समजावे. मला सलग बसून लिहिता येत नाही. हा दम्याचा दोष नाही, स्वभावाचा आहे. एक्स्चेंजमध्येसुद्धा मी खुर्ची मागे ढकलून उभ्यानेच कॉल जोडत असे. मध्ये मध्ये अक्षर बदललेले दिसेल, ते दुसऱ्या कोणाचे समजू नये.

कलम १. घर.
वणीतील राहते घर माझे पती कै. सुनील यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझी एकुलती एक मुलगी अनघा हिला देते. अट एकच. रस्त्याकडची पुढची खोली दर मंगळवारी बायकांसाठी उघडी राहील.

कोणत्या बायका, ते सांगते. मी सासरी आले तेव्हा इथे स्वयंपाक कोळशाच्या सिगडीवर होई. खाणीच्या गावात कोळशाला तोटा नव्हता. सिगडी अंगणात पेटवायची आणि धूर निघून गेला की आत आणायची, असा नियम होता. पावसाळ्यात आणि घाईत तो पाळला जात नसे, आणि ड्यूटी गाठायची म्हणजे घाई रोजचीच. पुढे गॅस आला, पण धुराने आपले काम तोवर केले होते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून विचारले, "सिगारेट किती वर्षे ओढली?"

"ओढली नाही," मी म्हटले. "पोळ्या केल्या."

त्यांच्याकडे व्यायाम शिकवणारी प्राची निखाडे हिने मला फुगे फुगवायला दिले. मी ते कंटाळून टाकून दिले. मग एकदा बोलता बोलता मी लहानपणी माउथ ऑर्गन वाजवीत असे, हे तिला कळले. ती म्हणाली, "काकू, मग तोच वाजवा. त्यात श्वास सोडतानाही सूर येतो आणि घेतानाही. व्यायाम म्हटला की तुम्ही टाळता, हे टाळणार नाही."

त्या दवाखान्याच्या बाकावर माझ्यासारख्याच सिगडीच्या बायका बसलेल्या असत. मानीबाई होती, हुस्नाबी होती, आणखी काही येत-जात असत. मी त्यांना घरी बोलावले. सुरुवातीला नुसता कल्ला व्हायचा. समोरचा किराणा दुकानदार दार लावून घ्यायचा. आता तो आमचे गाणे ओळखतो, म्हणजे आम्हाला येते ते एकच.

दिवाळीनंतर अनघा आली होती. म्हणाली, "आई, आता पुण्याला चल. इथली धूळ, हे ट्रक. कशासाठी राहतेस?"

"मंगळवारचं काय?"

"पुण्यातही मंगळवार असतो, आई."

मी उठून गच्चीकडे निघाले, म्हणजे अर्ध्या जिन्यापर्यंत पोचले आणि कठडा धरून उभी राहिले. ती मागोमाग येऊन खालच्या पायरीवर बसली. "तू फोन उचलत नाहीस ना, तेव्हा मी काय काय मनात आणते, तुला कल्पना आहे?" ती माझ्याकडे न बघता बोलत होती. मला कल्पना नव्हती. रोज सकाळी मीच फोन करीन, असे मी कबूल केले आणि तेव्हापासून करते. मग खोलीची अट सांगितली.

"म्हणजे मला घर विकता येणार नाही."

"दोघी जणी येताहेत तोवर नाही. एकटीच उरली, की तिला पेन्शनीतल्या म्हाताऱ्यांच्या भजनात बसव आणि घर विक."

तिने मान्य केले असे मी लिहीत नाही. तिने ऐकून घेतले.

कलम २. पैसे आणि किरकोळ.
बँकेत जे निघेल ते अनघाचे. ऑक्सिजनचे यंत्र मानीबाईला द्यावे. तिला आज लागत नाही, पण लागेल, आणि तेव्हा तिचा मुलगा ते भाड्याने आणायला चालढकल करील. हे मी त्याच्या तोंडावरही बोलले आहे. माझ्या साड्या ज्या कोणी नेसतील त्यांनी न्याव्यात, फोटोपुढे घडी करून ठेवू नयेत.

कलम ३. देह.
आडवी झाले की मला श्वास येत नाही. कितीतरी महिने मी तक्क्याला टेकून बसल्या बसल्या झोपते. मेल्यावर तो प्रश्न उरत नाही, हे मला कळते. तरीही फार वेळ आडवे ठेवू नये. माझा भाऊ इंद्रजित याची वाट बघत थांबू नये. तो नेहमी उशिरा येतो.

कलम ४. माउथ ऑर्गन.
आधीची दोन मृत्युपत्रे या कलमापाशी फाटली. माझ्याकडे तीन माउथ ऑर्गन आहेत. तिन्ही वेगळ्या जातीचे आहेत, आणि कोणता कोणाला हे ठरवताना मी या घरात किती फेऱ्या मारल्या ते फरशीला माहीत.

(अ) ट्रेमोलो. मी शाळेत असताना वडील मला आणि थोरला भाऊ इंद्रजित याला नागपूरला सीताबर्डीत घेऊन गेले. दुकानदाराने काचेवर दोन माउथ ऑर्गन ठेवले. एक लांबट, दोन ओळींत चौकोनी भोके असलेला. त्यात प्रत्येक सुराला दोन पत्त्या असतात, एकमेकींपासून केसभर वेगळ्या लावलेल्या, म्हणून सूर पाण्यावर हलल्यासारखा निघतो. हा ट्रेमोलो. दुसरा जड आणि बाजूला बटन असलेला. बटन दाबले की पेटीतल्या काळ्या पट्ट्यांचे सूरही मिळतात, एकही सूर सुटत नाही. हा क्रोमॅटिक. मी बटनाकडे बोट केले.

दुकानदार वडिलांना म्हणाला, "मुलीला हा गोडवाला द्या. बटनाचा अवघड, तो मुलगा शिकेल."

वडिलांनी मान डोलावली. तेवढ्यावर ठरले.

मुलगा शिकला नाही. त्याचा क्रोमॅटिक कपाटात पडून राहिला. तो बाहेर गेला की मी काढून वाजवीत असे आणि पुसून परत ठेवीत असे. मी तो एकदा मागितलाही. पुढे तो इंजिनिअरिंगला गेला आणि होस्टेलवर त्याने एका मित्राशी बॅडमिंटनच्या रॅकेटवर अदलाबदल केली. मी ट्रेमोलोवरच वाजवत राहिले. सूर गोड यायचा, पण जी गाणी मला हवी होती त्यात कोमल स्वर होते, आणि ते ट्रेमोलोत नव्हते. ती गाणी मी सोडून दिली.

गेल्या महिन्यात मी इंद्रजितला फोन केला. तो अमरावतीला असतो, वहिनी गेल्यापासून एकटा. मी विषय काढला.

"सुचे, तू मागितला असतास तर दिला असता."

"मी मागितला होता, दादा. तुझ्या कपाटासमोर उभी राहून मागितला होता."

"मला नाही गं आठवत," तो म्हणाला.

तो खोटे बोलत नव्हता. खोटे बोलला असता तर बरे झाले असते. मला भांडता आले असते. पहिल्या मृत्युपत्रात मी त्याला काहीच ठेवले नव्हते. दुसऱ्यात त्याच्यासाठी दोन पाने लिहिली होती, ती आता कोणी वाचणार नाही. या तिसऱ्यात ट्रेमोलो इंद्रजितला देते. तो एकटा आहे आणि त्याला सूर कळत नाही. ट्रेमोलोत एका सुराला दोन पत्त्या वाजतात, त्यामुळे चूक थोडी झाकली जाते. त्याने वाजवावा. माझा राग गेला असे कोणी समजू नये.

(ब) दहा भोकांचा. याला दुकानदार डायटॉनिक म्हणतात. मुठीत मावतो. प्राचीने मला हा घ्यायला लावला, कारण ट्रेमोलोला दोन पत्त्या हलवण्याइतका दम लागतो आणि क्रोमॅटिक तर वारा खातो. मी आधी नाही म्हटले. मुलांचे खेळणे वाटले मला ते. पण यात श्वास वाया जात नाही. थोडा सोडला तरी सूर येतो, थोडा घेतला तरी येतो. सकाळी उठून पहिल्या श्वासाची चाचपणी मी याच्यावर करते. त्या बायकांकडेही हेच आहेत, जिचा तिचा वेगळा.

हा अनघाला. ती म्हणेल, आई, दुसऱ्याच्या तोंडातला कोण वाजवणार. वाजवू नये. ठेवावा. रोज सकाळी तिला फोन करण्याआधी मी हा वाजवते आणि मगच आवाजात जोर येतो, हे तिला माहीत नाही. आता कळले.

(क) क्रोमॅटिक. निवृत्त झाले त्या महिन्यात मी एकटी बसने नागपूरला गेले. सुनील म्हणाले होते, "मी येऊ का?" मी नको म्हटले. हे मला एकटीने निवडायचे होते. दुकान आता दुसरेच होते. मी बटनाचा मागितला, कोणाला न विचारता, आणि तिथेच तोंडाला लावला. वरचे सूर आले. खालचे येईनात. दुकानातल्या माणसाला वाटले, पत्ती अडकली. त्याने घेतला, पुसला, स्वतः फुंकून दाखवला. खालपासून वरपर्यंत सगळे सूर निघाले. मला दम लागतो हे मला त्या काउंटरवर कळले, डॉक्टर नंतर.

तरीही मी तो घेतला. घरी आणून मी तो वाजवू शकले नाही आणि विकूही शकले नाही.

हा क्रोमॅटिक कोणाचा, हा प्रश्न मात्र मला पडला नव्हता. हुस्नाबीचा. तिचा नवरा जहीर ट्रकदुरुस्ती करतो. ती आमच्यात वयाने लहान आहे, सिगडीपासून लवकर सुटली, दम अजून बरा आहे. तिची आई एक अंगाई म्हणत असे. हुस्नाबी ती दहा भोकांच्यावर वाजवते आणि मध्येच एका जागी थांबते, कारण तिथे कोमल गंधार लागतो आणि तो त्यात नाही. ती आजूबाजूचा सूर लावून पुढे ढकलत नाही. थांबते, आणि बाजा मांडीवर ठेवते. म्हणून मी इथे लिहिले होते, की क्रोमॅटिक हुस्नाबी जहीर शेख हिला द्यावा.

ते वाक्य आता खोडलेले दिसेल. का खोडले, ते आज सकाळी घडले तसे लिहिते.

दोन साक्षीदार हवेत. एक प्राची, ती दवाखान्यात जाण्याआधी येऊन बसली होती. दुसरा शेजारचा गोपाल, त्याने काल होकार दिला होता. आज दारात उभा राहूनच म्हणाला, "काकू, माफ करा. उद्या अनघाताईनं मले विचारलं, तुमी काहून सही केली, तर मी काय सांगू? मले त्यात नका पाडू." आणि गेला. मी खोलीत फेऱ्या मारू लागले. अनघा उद्या येते आहे, आणि तिच्या आधी मला हे पुरे करायचे होते. तिच्या समोर लिहिले तर मी बदलीन, हे मला माहीत आहे.

आज मंगळवार, म्हणून हुस्नाबी लवकर आली होती. ती म्हणाली, "मी करतो ना सही. मले मराठी लिहिता येते."

"तुला नाही करता येणार. तुझं नाव आत आहे. ज्याला यातलं काही मिळतं त्याची साक्ष कोणी खरी मानत नाही, वकिलांनी बजावलंय."

"काय लिहिलं माह्या नावावर?"

मी सांगितले. ती क्रोमॅटिककडे बघतही नव्हती. तो कपाटात कुठे असतो हे तिला पाठ आहे.

"मंग कापा माहं नाव," ती म्हणाली.

"काहून?" मी तिच्याच बोलीत विचारले.

"बाजा कोनालेबी देता येते, बाई. पण तुमी हे समजून-उमजून लिहिलं, कोनं जबरदस्ती नाई केली, हे सांगाले इथं बसणारं मानूस पायजे. अनघाताई मले वळखते. ते माह्यावर भरोसा ठेवन."

प्राची म्हणाली, "काकू, नीट विचार करा." मी म्हटले, विचार करूनच तर दोन फाडली.

मी खोडले. खोडलेल्या जागी सही केली. मग कपाटातून क्रोमॅटिकची डबी काढली आणि हुस्नाबीच्या हातात दिली. जिवंतपणी हाताने दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र लागत नाही, आणि ही वस्तू आता माझ्या मालमत्तेत नाही, याची अनघाने नोंद घ्यावी. पुढच्या खोलीत येऊन बसणे ही काही देणगी नव्हे, असे वकिलांनी फोनवर सांगितले, त्यामुळे हुस्नाबीने मंगळवारी येण्यास हरकत नाही.

ती नको नको म्हणत होती. प्राचीने बटन दाखवले. हुस्नाबीने आधी नुसते भोकांवरून ओठ फिरवले, एकदोनदा चुकली, मग अंगाई धरली. त्या जागेपाशी आली आणि तिने बटन दाबले. सूर आला. ती दचकून माझ्याकडे बघू लागली, पण वाजवायची थांबली नाही. त्यापुढचा भाग आम्ही कोणी कधीच ऐकलेला नव्हता. तो बराच लांब निघाला. ऐकताना मला एका जागी उभे राहवेना. मी दारापर्यंत जात होते आणि परत येत होते, आणि ती वाजवत होती.

कलम ५.
या मृत्युपत्राची अंमलबजावणी अनघाने करावी. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द आहेत. यापुढे मी आणखी एखादे लिहायला बसले, तर प्राचीने माझ्या हातातून पेन काढून घ्यावे.

वरील सर्व मी वाचून, समजून, माझ्या राजीखुशीने खालील दोघींच्या समक्ष सही करून दिले.

सही: सुचित्रा सुनील कोंडावार

साक्षीदार १: सुचित्राकाकूंनी माझ्या समक्ष सही केली. मी त्यांना दर आठवड्याला तपासते. त्यांची समज आणि स्मरण पूर्ण चांगले आहे.
सही: प्राची निखाडे, वणी

साक्षीदार २: बाईनं माह्या समोर सही केली. मधात दोनदा दम घ्याले थांबल्या, पण कोणी हात धरला नाही. मले या कागदातून काहीच भेटत नाही, हे मले मालूम आहे. अनघाताई, शंका असली तर मंगळवारी या, पुढच्या खोलीत असतो.
सही: हुस्नाबी जहीर शेख, वणी

स्थळ: वणी, जिल्हा यवतमाळ
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार