तापात घेतलेले माप

परवा, बुधवारी सकाळी, आमच्या गल्लीतील वैद्यबाईंनी माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, माझी मापवही वाचली आणि दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, माझी तब्येत वयाच्या मानाने ठणठणीत आहे. दोन, मी माझ्या मुलीला एक तपभर चुकीचे पथ्य लावले.

सबब मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिंपीकाम, पूर्ण शुद्धीत, पाव पोट रिकामे ठेवून न्याहारी केल्यावर, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. बायको खांद्यावरून वाचते आहे. तो धाक नव्हे, पंचेचाळीस वर्षांची सवय आहे.

१. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घराची वाटणी प्रकृतीप्रमाणे केली होती. मुलगी कफाची, म्हणजे थंड आणि सुस्त, म्हणून तिला चालते ठेवण्यासाठी दोन जिने चढून जायची वरची खोली. मुलगा पित्ताचा, म्हणजे उष्ण आणि तापट, म्हणून त्याला मागची गार खोली. ते वाचून दाखवले तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही गेल्यावरही माझ्याकडून व्यायाम करून घेणार का?" मुलगा म्हणाला, "तुला निदान उजेड तरी आहे. मला जिवंतपणीच शवागार मिळालंय." मी दोघांनाही अडाणी ठरवले होते. तो शब्द मागे घेतो.

२. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नीची. तिच्यानंतर घर दोन्ही मुलांना समसमान. खोल्या त्यांनी आपापसात ठरवाव्यात. पहिली निवड मुलीची. यास हरकत नसल्याचे मुलाने फोनवर कळवले आहे, तेही तोंडात घास ठेवून, दुपारी चार वाजता. (कलम ५ पाहावे.)

३. मापवहीबद्दल. तिशी ओलांडल्यावर मला आयुर्वेदाचा नाद लागला. गिऱ्हाइकाची छाती, कंबर, बाही लिहिताना कोपऱ्यात मी वा, पि किंवा क लिहू लागलो. वाताचा माणूस माप देताना हलतो, पित्ताचा घड्याळ पाहतो, कफाचा खुर्ची मागतो. बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर येई. त्यानेच घात केला.

मुलगी नऊ वर्षांची असताना तिला ताप आणि सर्दी होती. गोधडीत गुरफटून, नाक ओढत, ती मुकाट बसून होती. मी मापवही काढली आणि लिहिले: क. बायको तेव्हाच म्हणाली होती, "अहो, पोर आजारी आहे. बरी होऊ दे, मग काय लिहायचं ते लिहा." मी ऐकले नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलीचे दूध, दही, केळे, गोड आणि दुपारची झोप बंद. सुंठेचे पाणी सुरू. ताप उतरल्यावर ती दिवसभर बडबडे, धावे, तिचे हात गार असत, झोप चिमणीएवढी. ही सगळी वाताची लक्षणे माझ्या डोळ्यांसमोर नाचत होती. पण वहीत क होता.

एकविसाव्या वाढदिवसाला सगळ्यांच्या ताटात गोड होते आणि तिच्यापुढे सुंठेचे पाणी. ती उठली. त्यानंतर चौदा वर्षे ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, दर रविवारी येते, आईशी हसते, माझ्याशीही बोलते, आणि दारातच सांगते, "मी जेवून आलेय." आमच्या घरात तिने घास घेतलेला नाही.

वैद्यबाईंनी वहीचे ते पान पाहिले आणि विचारले, "काका, गिऱ्हाईक सुजून आलं तर त्या मापाचा सदरा शिवता का?"

"छे! सूज उतरल्यावर या म्हणतो."

"मग हिला का नाही म्हणालात? प्रकृती जन्मभराची असते. तुम्ही लिहिलंत ते त्या दिवसाचं आजारपण."

चाळीस वर्षे कात्री चालवून मला हे कोणीतरी सांगावे लागले, याची नोंद असावी. शास्त्र खोटे नाही. माप चुकले.

घरी येऊन बायकोला सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहितेय. तांदळाच्या डब्यात केळी कोण ठेवत होतं असं वाटतं तुम्हाला?"

४. दुकान, दोन्ही यंत्रे व मोठी कात्री काजेवालीस. बावीस वर्षे तिने माझ्या दुकानात काजे केली व बटणे लावली आणि माझे प्रवचन ऐकले. दुसरे काम अवघड होते. अट एकच: दुपारी बारा ते एक दुकान बंद. त्या वेळी भूक खरी असते, जेवण नीट पचते. गिऱ्हाईक दारावर थाप मारील, मारू द्यावी. लघवीला लागली की उठावे; शिवण पूर्ण करून जाते म्हणू नये. मी म्हणत आलो आणि मुतखडा मिळवला. मापवही तिने ठेवावी, पण कोपऱ्यातली अक्षरे खोडावीत.

५. भिंतीवरचे घड्याळ मुलास. तो संगणकासमोर बसून दुपारचे जेवण संध्याकाळी करतो आणि रात्री झोप येत नाही म्हणून औषधाच्या दुकानात विचारतो. त्याने घड्याळ आपल्या टेबलासमोर लावावे. बाराला उठावे, पडद्याकडे पाठ करून जेवावे, मग शंभर पावले चालावे. बाकी काय खायचे ते त्याचे त्याने पाहावे. तो दुकानाशेजारच्या चष्मेवाल्याकडे बसून चोरून मिरच्या खातो, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

६. मेहुण्यास चूर्णाचे अकरा डबे. "भावजी, हे एकच चूर्ण तिन्ही प्रकृतींना चालतं," असे सांगून त्यानेच ते माझ्या गळ्यात मारले होते. एकच सदरा तिघांना बसतो असे म्हणणाऱ्या शिंप्याकडे कोणी जाऊ नये. डबे सीलबंद आहेत.

७. चष्मेवाल्यास काही नाही. साक्षीदारास काही ठेवता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. नाहीतर पुष्कळ ठेवले असते.

८. रक्तदाबाची गोळी मी रोज घेतो व घेणार. वैद्यबाईंनीच तसे बजावले आहे. माझ्या माघारी कोणी "काकांनी गोळ्या सोडल्या होत्या" असे पसरवल्यास ते खोटे समजावे.

९. मापपट्टी मुलीस. बुधवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवते. ओल्या फरशीवर उभा राहून मी सांगितले, "माझं चुकलं. तू कफाची नाहीस."

"मग कसली आहे?"

"वैद्यबाईंना वाटतं, वाताची. पण एकदा तू येऊन नाडी..."

"बाबा, आता नवीन अक्षर नको."

मी फाडून आणलेले ते पान तिला दिले. तिने वाचले, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवले. खुर्ची आता हलत नाही.

मग मी विचारले, "बरं, तुला काय आवडतं?"

"हे तुम्ही मला पहिल्यांदा विचारताय."

"सांग की."

"केळं," ती म्हणाली. "डब्यातलं नाही. ताटातलं. सगळ्यांसमोर."

१०. वरील सर्व वाचून, समजून, बायकोने सुचवलेल्या तीन दुरुस्त्यांपैकी दोन स्वीकारून सही करीत आहे.

लिहून ठेवणार: शिंपी (सही)

साक्षीदार: १. चष्मेवाला (सही, स्वतःचा चष्मा घरी विसरल्याने मजकूर मोठ्याने वाचून दाखवला)
२. वैद्यबाई (सही)

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: शुक्रवार, १२ मार्च, सकाळी साडेदहा

ता. क. रविवारी बाराला मुलगी जेवायला येणार आहे. "उपाशी येते," असा तिचा निरोप आज सकाळी आला. मी जाऊन डझनभर केळी आणली. हिरवी निघाली. फळवाला म्हणतो, दोन दिवसांत पिकतील.